जगातील अतिवृद्ध वृक्ष व त्यांचे चाहते

मनुष्य शंभर वर्षे जगला तर वर्तमानपत्रांत त्याची वार्ता येते, गावकरी त्याचा सत्कार करतात आणि नातवंडे-पतवंडे त्याच्या पाया पडतात. वनस्पतिसृष्टीत मात्र शंभर वर्षांस फारसे कोणी विचारीत नाही. पाच-पाच हजार वर्षे ऊन, वारा व बर्फ अंगावर घेऊन आजही हिरवे असलेले वृक्ष या पृथ्वीवर आहेत. या लेखात आम्ही तीन गोष्टींचा विचार करणार आहोत. पहिली, वृक्षाचे वय कसे मोजतात. दुसरी, जगातील अतिवृद्ध वृक्ष कोणते व कोठे आहेत. आणि तिसरी, या वृक्षांवर लोक जे प्रेम करतात, व तेही पुष्कळदा थट्टाविनोदाच्या रूपाने, त्या प्रेमाने वृक्षांचे हित होते की अहित. हा तिसरा प्रश्न वरवर हलका वाटेल. परंतु काही वृक्षांचे जगणे-मरणे त्यावर अवलंबून आहे, असे वाचकांस पुढे दिसून येईल.

प्रथम वयाची गोष्ट. लाकडाच्या वखारीत आडव्या कापलेल्या ओंडक्याच्या तोंडावर एकात एक अशी वर्तुळे दिसतात, ती आमच्या पुष्कळ विद्यार्थ्यांनी पाहिली असतील. यांस वार्षिक वलये म्हणतात. थंड प्रदेशात वसंत ऋतूच्या आरंभी झाड झपाट्याने वाढते, तेव्हाचे लाकूड फिके व सैल असते. उन्हाळ्याच्या अखेरीस वाढ मंदावते, तेव्हाचे लाकूड गडद व घट्ट असते. फिका व गडद असे दोन पट्टे मिळून एक वर्ष झाले. पाऊसपाणी चांगले झालेल्या वर्षाचे वलय रुंद असते, अवर्षणाच्या वर्षाचे अरुंद. यामुळे वलयांवरून वयाबरोबरच गेलेल्या काळातील हवामानही वाचता येते. अमेरिकेतील ए. ई. डग्लस हे मूळचे ज्योतिर्विद. सूर्यावरील डागांच्या कालचक्राचा पृथ्वीवरील हवामानाशी काही संबंध लागतो काय, हे पाहण्याकरिता ते झाडांच्या वलयांकडे वळले व त्यातून एक नवे शास्त्रच निर्माण झाले. १९३७ साली अ‍ॅरिझोना विद्यापीठात या विषयाची स्वतंत्र प्रयोगशाळा निघाली. आपल्याकडे पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतही सागवान, देवदार इत्यादी झाडांच्या वलयांवरून पूर्वीच्या पावसाचा अभ्यास झालेला आहे.

वलये मोजण्याकरिता झाड पाडावेच लागते, असे मात्र नाही. पोकळ गिरमिट खोडात फिरवून पेन्सिलीपेक्षाही बारीक अशी लाकडाची कांडी बाहेर काढतात व तिच्यावरील रेघा सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात. देवदार, पाईन यांसारखे राळ देणारे वृक्ष ते छिद्र आपल्या राळेने बुजवून टाकतात. तथापि या रीतीसही मर्यादा आहेत. फार जुन्या झाडांचे काळीज पुष्कळदा कुजून पोकळ झालेले असते; मग आरंभीची वलये मोजावयाची कशी? तसेच उष्ण प्रदेशातील अनेक झाडांत वलये स्पष्ट उमटत नाहीत. आपल्याकडे जिला गोरखचिंच म्हणतात त्या आफ्रिकेतील बाओबाब वृक्षाचे वय ठरविताना शास्त्रज्ञ लाकडातील किरणोत्सर्गी कार्बनाचे प्रमाण पाहतात. हा कार्बन सुमारे ५,७३० वर्षांत निम्मा होतो; म्हणून तो किती उरला आहे यावरून लाकूड किती जुने आहे हे काढता येते.

आता वृक्षांकडे वळू. अमेरिकेच्या कॅलिफोर्निया संस्थानात व्हाइट माउंटन्स नावाचा कोरडा डोंगराळ मुलूख आहे. तेथे समुद्रसपाटीपासून सुमारे १०,००० फूट उंचीवर ब्रिसलकोन पाईन नावाचे वृक्ष वाढतात. त्यांचे रूप भव्य मुळीच नाही. खोडे पिळवटलेली, साल बहुतांशी गळून गेलेली, अर्धी अंगे वाळून पांढरी पडलेली. डग्लस यांचे शिष्य एडमंड शुलमन यांनी १९५७ साली यांपैकी एका झाडाची वलये मोजली, तेव्हा त्याचे वय साडेचार हजार वर्षांच्या पलीकडे निघाले. पवित्र शास्त्रातील उत्पत्तीच्या पुस्तकात मथुशलह नावाचा पुरुष ९६९ वर्षे जगल्याचे सांगितले आहे. त्याचेच नाव या झाडास मिळाले. आज त्याचे वय सुमारे ४,८५० वर्षे मानतात. इजिप्तमधील खुफू राजाचा प्रचंड पिरॅमिड उभा राहिला तेव्हा हे झाड अडीचशे वर्षांच्या आसपासचे होते. शुलमन स्वतः मात्र अल्पायुषी ठरले. १९५८ च्या जानेवारीत वयाची पन्नाशीही गाठण्यापूर्वी त्यांचा अंत झाला, व त्यांचा या वृक्षांवरील प्रसिद्ध लेख त्यानंतर छापला गेला.

इतके आयुष्य या झाडांस कसे लाभते? तेथे माती निकस, पाऊस थोडा, थंडी कडाक्याची. त्यामुळे झाड अतिशय हळू वाढते. शंभर वर्षांत खोडाची जाडी कित्येकदा इंचभरच वाढते. असे सावकाश वाढलेले लाकूड अत्यंत घट्ट व राळेने भरलेले असते. त्यास कीड किंवा बुरशी सहसा शिवत नाही. झाडे विरळ असल्यामुळे वणवा एकावरून दुसऱ्यावर सहज जात नाही. एखादे मूळ मेले तर त्याच्या वरची सालीची पट्टी तेवढी मरते, बाकीचे झाड जगते. नवी पालवी दरवर्षी परवडत नाही म्हणून सुईसारखी पाने तीस-तीस वर्षे टिकवून धरलेली असतात. याच जातीची झाडे बऱ्या मातीत व ओलाव्यात लवकर वाढतात, पण लवकर मरतातही.

मथुशलहास प्रतिस्पर्धीही आहेत. दक्षिण अमेरिकेतील चिली देशात आलेर्से जातीचा एक प्रचंड वृक्ष आहे, त्यास तेथील लोक प्रेमाने ‘ग्रान आबुएलो’, म्हणजे थोरले आजोबा, असे म्हणतात. त्याचे खोड इतके जाड आहे की गिरमिट मध्यापर्यंत पोहोचत नाही. जोनाथन बारिचिविच या शास्त्रज्ञाने मिळालेल्या कांडीवरील वलये मोजून उरलेल्या भागाचा गणिताने अंदाज केला, आणि २०२२ साली या वृक्षाचे वय ५,४८४ वर्षे असावे असे सांगितले. मात्र सर्व वलये प्रत्यक्ष मोजलेली नसल्यामुळे हा निष्कर्ष सर्वांस मान्य झालेला नाही. स्वीडनमध्ये तर अवघा सोळा-सतरा फूट उंचीचा एक स्प्रूस वृक्ष आहे, त्याच्या मुळाखाली सापडलेले लाकूड ९,५५० वर्षांचे निघाले. त्याचे वरचे खोड काही शतकांचेच आहे. जुने खोड मेले की त्याच मुळावर नवे उभे राहते, असा क्रम तेथे चाललेला आहे. तेव्हा ‘सर्वात वृद्ध कोण?’ या प्रश्नाचे उत्तर आपण खोडाचे वय धरतो की मुळाचे, यावर अवलंबून राहते.

या स्वीडिश झाडाचे नाव ‘ओल्ड त्यिको’. हे नाव कोणा राजाचे किंवा देवतेचे असेल असे वाचकांस वाटेल. परंतु ज्या शास्त्रज्ञास हे झाड आढळले त्या लैफ कुलमन यांचा त्यिको नावाचा एक आवडता कुत्रा होता, त्याचे हे नाव! येथूनच आपण आमच्या तिसऱ्या प्रश्नास हात घालतो. वृद्ध वृक्ष पाहिला की मनुष्यास त्याच्याशी नाते जोडावेसे वाटते. तो त्यास नाव देतो, आजोबा म्हणतो, त्याच्याशी बोलतो, त्याची लाडिक थट्टाही करतो.

या खेळकर प्रेमाची काही उदाहरणे फार मौजेची आहेत. जर्मनीतील ऑयटिन गावाजवळच्या जंगलात पाचशे वर्षांचा म्हणून प्रसिद्ध असलेला एक ओक आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एका वनाधिकाऱ्याची कन्या व चॉकलेटचा व्यापार करणारा एक तरुण यांच्या विवाहास मुलीच्या वडिलांचा विरोध होता. म्हणून ती दोघे या झाडाच्या ढोलीत एकमेकांसाठी पत्रे ठेवीत. पुढे वडिलांचे मन वळले व १८९१ साली त्यांचा विवाह त्याच झाडाखाली झाला. ही कथा पसरली, आणि लोक त्या ओकास पत्रे पाठवू लागले. १९२७ साली टपालखात्याने या झाडास स्वतःचा पत्ता दिला. पोस्टमन शिडी चढून ढोलीत पत्रे टाकी. कोणीही यावे, पत्रे वाचावी व वाटल्यास उत्तर धाडावे.

इंटरनेटच्या काळात हाच खेळ नव्या साधनांनी सुरू झाला आहे. ऑस्ट्रेलियातील मेलबर्न शहराच्या नगरपालिकेने २०१३ साली शहरातील सुमारे ७०,००० झाडांस क्रमांक व प्रत्येकास ई-मेलचा पत्ता दिला. हेतू सरळ होता : फांदी मोडली किंवा झाड आजारी दिसले तर नागरिकांनी कळवावे. घडले ते निराळेच. लोकांनी झाडांसच पत्रे लिहावयास आरंभ केला. कोणी सावलीबद्दल आभार मानले, कोणी कुशल विचारले, कोणी आपली सुखदुःखे सांगितली, कोणी विनोद केले. हजारो पत्रे आली, आणि कित्येकांस झाडाच्या वतीने उत्तरेही गेली! युरोपात २०११ पासून ‘वर्षाचा वृक्ष’ निवडण्याची स्पर्धा होते व तीत लोक इंटरनेटवरून मते देतात. सर्वात उंच किंवा सर्वात जुने झाड तेथे शोधीत नाहीत. ज्या झाडाशी लोकांची कथा जोडलेली आहे ते शोधतात. २०२१ साली स्पेनमधील लेसिना या चिमुकल्या गावातील हजार वर्षांचा ओक एक लाखाहून अधिक मते मिळवून पहिला आला. गावची वस्ती पाहता ही मते दूरदूरच्या चाहत्यांची होती हे उघड आहे.

गंभीर प्रकृतीचे गृहस्थ विचारतील की, झाडास पत्र लिहिणे हा पोरकटपणा नव्हे काय? आम्हांस तसे वाटत नाही, आणि त्याचे कारण एका दुःखद घटनेवरून स्पष्ट होईल. अमेरिकेच्या नेवाडा संस्थानातील व्हीलर शिखराखाली ब्रिसलकोन वृक्षांची एक राई आहे. तेथे भटकंती करणाऱ्या निसर्गप्रेमी लोकांनी एका झाडाचे नाव ‘प्रोमिथियस’ ठेवले होते. १९६४ साली भूगोलाचा एक तरुण अभ्यासक तेथे जुन्या हिमनद्यांचा काल ठरविण्यासाठी आला. त्याच्या वहीत या झाडास नाव नव्हते, ‘डब्ल्यू.पी.एन. ११४’ एवढा क्रमांक होता. गिरमिटाने काम भागेना, तेव्हा वनखात्याची रीतसर परवानगी घेऊन झाड कापण्यात आले. मागाहून वलये मोजली तो ४,८६२ भरली! त्या काळी ज्ञात असलेला जगातील सर्वात वृद्ध वृक्ष तो हाच, हे तो आडवा झाल्यावर कळले. ज्यांनी त्यास नाव दिले होते ते हळहळले. त्यांच्या व इतरांच्या प्रयत्नांस पुढे यश येऊन १९८६ साली तो प्रदेश राष्ट्रीय उद्यान झाला. ज्यास नाव आहे, ज्याची गोष्ट चार लोकांस ठाऊक आहे, त्यावर कुऱ्हाड उचलताना हात थबकतो. चाहत्यांच्या थट्टाविनोदाचा हा मोठा उपयोग आहे.

परंतु याची दुसरी बाजूही आहे, व ती विद्यार्थ्यांनी नीट ध्यानात घ्यावी. प्रेम म्हटले की जवळ जावे, हात लावावा, एखादी खूण घरी न्यावी, असे वाटतेच. स्कॉटलंडमधील फोर्टिंगल गावच्या चर्चच्या आवारात यू जातीचा एक पुराणवृक्ष आहे. १७६९ साली त्याच्या खोडाचा घेर पन्नास फुटांहून अधिक भरला होता. पुढे प्रवासी आठवण म्हणून त्याचे तुकडे तोडून नेऊ लागले, आणि अखेर त्याच्याभोवती भिंत घालावी लागली. फ्लॉरिडातील ‘द सेनेटर’ नावाचा सुमारे ३,५०० वर्षांचा सायप्रस वृक्ष २०१२ च्या जानेवारीत भस्म झाला. त्याच्या पोकळ खोडात शिरून एका व्यक्तीने जाळ पेटविला होता. आणि जे लोक काहीच तोडीत नाहीत, केवळ पाहावयास येतात, त्यांच्यापासूनही वृक्षास धोका असतो. तो कसा ते पाहू.

झाडाची अन्नपाणी शोषणारी बारीक मुळे बहुतांशी जमिनीच्या वरच्या एक-दीड फुटातच पसरलेली असतात. मातीच्या कणांमध्ये सूक्ष्म पोकळ्या असतात. त्यांतून मुळांस हवा मिळते व पावसाचे पाणी खाली मुरते. एकाच जागी हजारो पावले पडत राहिली की या पोकळ्या चेपून जातात, माती विटेसारखी कठीण होते, पाणी वरून वाहून जाते व मुळे गुदमरतात. चिलीच्या थोरल्या आजोबांस हीच भीती आहे. पाहणाऱ्यांची पावले त्यांच्या मुळांवर पडतात, ही बारिचिविच यांची तक्रार आहे. कॅलिफोर्नियातील ‘हायपेरियन’ नावाचा रेडवूड वृक्ष वृद्धत्वाकरिता नव्हे, उंचीकरिता प्रसिद्ध आहे; तो सुमारे ३८० फूट असून ज्ञात वृक्षांत सर्वात उंच आहे. त्याच्याकडे वाट नाही. परंतु इंटरनेटवर त्याचा ठावठिकाणा पसरला, आणि चाहते झाडी तुडवीत त्याच्या बुंध्याशी जाऊ लागले. भोवतालचे नेचे नाहीसे झाले, कचरा साचला. शेवटी २०२२ साली उद्यानाच्या अधिकाऱ्यांनी ती जागा बंद केली, व तेथे जाणारास ५,००० डॉलरपर्यंत दंड व सहा महिन्यांपर्यंत कैद सांगितली. एकेका चाहत्याच्या मनात वाईट काही नव्हते. प्रत्येकास एक छायाचित्र तेवढे पाहिजे होते.

मग प्रेम करावे तरी कसे? याचे उत्तर काही ठिकाणी लोकांनी शोधून काढले आहे. मथुशलहाच्या राईतून पाऊलवाट जाते, पण नेमके ते झाड कोणते हे वनखाते सांगत नाही. त्याच्यावर पाटी नाही. वाटसरू प्रत्येक झाडाकडे ‘हेच तर नसेल?’ अशा आदराने पाहतो, आणि त्यामुळे सर्वच झाडांचा मान राहतो. जपानमधील याकुशिमा बेटावरील ‘जोमोन सुगी’ या प्राचीन वृक्षाच्या मुळांवर पाय पडू नये म्हणून थोड्या अंतरावर लाकडी सज्जा बांधला आहे. पाहावयाचे ते तेथून. श्रीलंकेतील अनुराधपूरचा बोधिवृक्ष तर या बाबतीत सर्वांचा गुरू म्हणावा लागेल. बोधगयेच्या पिंपळाची फांदी सम्राट अशोकाची कन्या संघमित्रा हिने तेथे नेली व इ. स. पूर्व २८८ साली तिचे रोपण झाले, अशी परंपरा आहे. मनुष्याने लावलेल्या व लावल्याचा काळ ज्ञात असलेल्या वृक्षांत हा सर्वात जुना मानला जातो. अगणित यात्रेकरू तेथे येतात. परंतु वृक्ष उंच ओट्यावर कठड्यांच्या आत आहे, आणि भक्त खाली फुले ठेवून परततात. आपल्या कोकणात व सह्याद्रीत देवराया राखणाऱ्या गावकऱ्यांनीही हेच जाणले होते. कित्येक देवरायांतून वाळलेली काटकीसुद्धा घरी न्यावयाची नाही, असा दंडक असे.

दूर राहणे म्हणजे हात बांधून बसणे, असा मात्र अर्थ कोणी घेऊ नये. २०२१ साली कॅलिफोर्नियात वणवा भडकला तेव्हा दोन हजार वर्षांहून जुन्या ‘जनरल शर्मन’ या महावृक्षाच्या बुंध्याभोवती कामगारांनी आगरोधक अ‍ॅल्युमिनियमचे वेष्टन गुंडाळले व तो वाचला. गोरखचिंचेच्या बाबतीत असा उपाय हाती आला नाही. आफ्रिकेतील सर्वात वृद्ध अशा तेरा वृक्षांपैकी नऊ वृक्ष २००५ नंतरच्या काही वर्षांत पूर्णपणे किंवा अंशतः मेले, असे २०१८ साली शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केले. बदलते हवामान हे कारण असावे, असा त्यांचा तर्क आहे. हजारो वर्षे तग धरून राहिलेली झाडे आपल्या डोळ्यांदेखत जात आहेत, तेव्हा कौतुकास कर्तव्याची जोड पाहिजे.

विद्यार्थी मित्रहो, आपणांपैकी फारच थोड्यांस कॅलिफोर्निया किंवा चिली पाहावयास मिळेल. परंतु आपल्या गावाच्या वेशीवर, देवळापुढे किंवा शाळेच्या वाटेवर एखादा जुना वड, पिंपळ, चिंच किंवा आंबा असेलच. त्यास नाव द्यावे, आजोबा म्हणावे, मनात आले तर पत्रही लिहावे. फक्त त्यावर आपले नाव कोरू नये, खिळे मारू नयेत, खोडाशी जाळ करू नये, आणि मुळांवर वाहने उभी राहत असतील तर मोठ्यांच्या नजरेस आणावे. पालकांसही आमची एक विनंती आहे. महाराष्ट्रात २०२१ साली कायद्यात सुधारणा होऊन नागरी भागातील ५० वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या वृक्षांस ‘हेरिटेज ट्री’ म्हणून विशेष संरक्षण देण्यात आले आहे. हे संरक्षण लाभावयाचे तर झाडाचे वय सांगता आले पाहिजे. आणि घरातील वडीलधाऱ्या माणसांच्या आठवणी हा त्यास मोठा आधार होय. ‘आमच्या लहानपणी हे झाड केवढे होते’, हे त्यांनी मुलांस सांगावे व मुलांनी ते उतरून ठेवावे.

याबरोबर एक लहानसा अभ्यास करावा. जमिनीपासून साडेचार फूट उंचीवर खोडाभोवती शिवणकामाची फीत गुंडाळून घेर मोजावा, आणि झाडाची जात, जागा, घेर व तारीख शाळेच्या एका वहीत लिहावी. दरवर्षी त्याच महिन्यात, त्याच उंचीवर पुन्हा मोजावे. शाळा सोडताना ती वही खालच्या वर्गाच्या हाती द्यावी. एका विद्यार्थ्याच्या वेळी घेर थोडासाच वाढलेला दिसेल. परंतु पन्नास वर्षांनी जो विद्यार्थी ती वही उघडील, त्यास त्या झाडाचा व त्याजवर प्रेम करणाऱ्या सर्वांचा इतिहास एका ठिकाणी वाचावयास मिळेल.